वरच्या ओळीतला जिल्हा

4 ऑक्टोबर 2025, केज

मॉरिशसहून एका शिक्षिकेचे पत्र आले आहे. त्या तिथल्या शाळेत मराठी शिकवतात. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात त्यांना भेटला आणि "आमच्या बाई मोडी वाचतात, केजच्याच आहेत" म्हणून त्याने माझा पत्ता दिला. पत्राचे मराठी शुद्ध आहे, जरासे पुस्तकी, पण आर्जव मनापासूनचे.

त्यांच्या खापरपणजोबांचे वडील 1850 च्या दशकात मुंबई बंदरातून मजुरीच्या करारावर मॉरिशसला गेले. मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे, तिच्या अभिलेखागारात या मूळपुरुषाची नोंद निघाली. संस्थेकडून मिळालेल्या उताऱ्यात त्याचे नाव आहे, बापाचे नाव, वय, उंची, जात, कपाळावरचा व्रण, जहाज, अनुक्रमांक, सगळे आहे. जिल्ह्याच्या रकान्यात मात्र नुसती आडवी रेघ. गावाच्या रकान्यात चार रोमन अक्षरे: के, ए, आय, आणि चौथे शाईच्या डागाखाली गेलेले. त्यांनी नकाशा धुंडाळला. आमच्या केजचे सरकारी इंग्रजी स्पेलिंग के-ए-आय-जे असेच आहे. म्हणून विचारतात, "बाई, आमचे गाव तुमचे केज आहे का?"

पत्र वाचल्यापासून वाटते आहे, हो म्हणता आले तर किती बरे होईल. पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथल्या एखाद्या वाड्यातून माणूस निघाला आणि आज त्याची लेक विचारत आली, यापरते गावाला काय हवे? पण नुसत्या इच्छेवर कुणाचे गाव ठरवता येत नाही. आधी कागद बघायचा.

6 ऑक्टोबर, कोजागरी

आज दिवसभर मॉरिशसच्या स्थलांतरावरची टिपणे काढून बसले.

1835 च्या फेब्रुवारीत तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण उसाचे मळे तसेच होते आणि मळेवाल्यांना हात हवे होते. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' जहाजातून 36 मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले होते. महिना पाच रुपये पगार, पाच वर्षांचा करार आणि निघताना हातात उचल. पुढे 1910 च्या सुमारापर्यंत साडेचार लाखांवर माणसे अशी गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, त्याखालोखाल मद्रास इलाख्यातली. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे. त्यांत रत्नागिरी आणि सातारा भागातले लोक ठळक दिसतात. आजच्या मॉरिशसमधले मराठी म्हणजे प्रामुख्याने यांचेच वंशज.

जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येकाला अनुक्रमांक मिळे. बाईलाही मिळे, कडेवरच्या मुलालाही मिळे. 1860 च्या दशकाच्या मध्यानंतर फोटोही काढू लागले. 1867 च्या कायद्याने फोटो लावलेले तिकीट जवळ बाळगणे बंधनकारक झाले आणि ते नसेल तर पोलीस अटक करीत. म्हणजे ही सगळी बारीक नोंद मजुराच्या मायेपोटी नव्हती. तो पळाला तर सापडावा म्हणून त्याची उंची मोजली, व्रण लिहिला, गाव विचारले. ज्या दप्तराने त्यांना जखडले त्याच दप्तरात आज त्यांच्या पणतवंडांना गावाचे नाव मिळते आहे. हे वाचताना मला राग येतो आणि त्याच वेळी त्या कारकुनाची लेखणी थांबली नाही याचे समाधानही वाटते. दोन्ही खरे आहे.

आडनावांचा गुंताही समजून घ्यायला हवा. रजिस्टरात मजुराचे नाव आणि बापाचे नाव एवढेच. आडनाव बहुधा नाहीच. पुढच्या पिढीने बापाचे नाव आडनाव म्हणून लावले. त्यामुळे तिथे भिवाजी, रामा, गंगाराम अशी आडनावे आढळतात. इकडे येऊन आडनावावरून भाऊबंद शोधू म्हटले तर वाट तिथेच बुजते. उरते फक्त गाव. म्हणून त्या चार अक्षरांवर एवढा भार आहे.

9 ऑक्टोबर

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मांजरेकाठची सोयाबीन सडली, शेतातली मातीसुद्धा खरवडून गेली. मजुरीवर पोट असलेल्यांना यंदा ऊसतोडीशिवाय वाटच राहिलेली नाही. आज वस्तीवर गेले तर जिकडेतिकडे बांधाबांध. हंगाम 1 नोव्हेंबरला सुरू होणार, दिवाळी संपली की गाड्या निघणार. कुणी कोल्हापूरला, कुणी सांगलीला, कुणी थेट बेळगावकडे.

माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला एक जण आता मुकादम आहे. त्याच्याकडे बसले. "बाई, चहा घ्या," म्हणत त्याने वही पुढे केली. कोयत्याप्रमाणे उचल लिहिलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. वहीत नाव नवऱ्याचे. बाईचे नाव कुठेच नाही. मी विचारले, तर म्हणाला, "तिचं काय लिहायचं बाई, जोडीत आलीच की ती."

पहाटे चारला फडात शिरणारी, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी बाई. 1850 च्या जहाजात तिला स्वतंत्र ओळ मिळाली असती. 2025 च्या वहीत मिळत नाही. मी त्याला हे सांगितले. तो गप्प झाला, मग म्हणाला, "लिहितो आता." लिहील का, पाहीन.

खाडा हा शब्द इथे लेकराला कळतो. एक दिवस कामावर गेले नाही की मजुरी तर बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. मॉरिशसच्या मळ्यात गैरहजेरीच्या एका दिवसाला दोन दिवसांचा पगार कापत. तिथल्या मजुरांच्या हालांची चौकशी करायला 1872 मध्ये इंग्लंडहून रॉयल कमिशन आले, तेव्हा ही दुहेरी कपात मोठी तक्रार होती. ऊस तोच, उचल तीच, खाडाही तोच. म्हणूनच कदाचित मॉरिशसच्या ताईंचे पत्र मला परके वाटले नाही.

12 ऑक्टोबर

पुतण्या डब्लिनला असतो. रविवारी फोन करतो. त्याला हे सगळे सांगितले, तर म्हणाला, "काकू, इथे उन्हाळाभर हेच चालतं. अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून माणसं येतात, पणजोबाचं गाव विचारत."

त्याने सांगितले ते उतरवून ठेवते, कारण त्यात शिकण्याजोगे बरेच आहे. 1845 ते 1852 च्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देशोधडीला लागली. त्यांच्या मागच्या नोंदी डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतल्या सरकारी दप्तरखान्यात होत्या. 30 जून 1922 ला यादवी युद्धात तिथे स्फोट होऊन आग लागली आणि शतकांचे कागद गेले. 1821 ते 1851 च्या जनगणनाही त्यांतच गेल्या, काही फुटकळ पाने उरली. 1861 ते 1891 च्या तर सरकारने आधीच नष्ट केल्या होत्या. तेव्हा आयरिश माणसाचे गाव आयर्लंडात सापडेनासे झाले, आणि लोक ते बाहेर शोधू लागले: अमेरिकेतल्या नागरिकत्वाच्या अर्जात, ऑस्ट्रेलियाला सरकारी खर्चाने गेलेल्यांच्या जहाजयादीत, परक्या दफनभूमीतल्या दगडावर. बॉस्टनच्या 'पायलट' या वृत्तपत्रात 1831 पासून 1921 पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या जाहिराती छापून येत. 'माझा भाऊ अमुक साली अमुक बंदरात उतरला, मूळचा अमुक परगण्यातला, अमुक गावचा' अशी त्यांची रीत. भावाचा पत्ता लागला की नाही देव जाणे, पण गावाचे नाव छापून राहिले.

तिथे सर्वांत लहान मुलूख टाउनलँड, आपल्या वाडीएवढा. असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि एकाच नावाचे कितीतरी. मग नेमका कोणता? पुतण्या म्हणाला, तिथले जाणते लोक एका माणसाच्या मागे लागत नाहीत. त्याच्या लग्नाचे साक्षीदार कोण, मुलाच्या बाप्तिस्म्याला उभे कोण राहिले, परदेशात शेजारी कोण होते, त्यांची गावे काढतात. कारण माणसे एकेकटी जात नसत. एका वाडीची पुढे-मागे एकाच गल्लीत जाऊन राहत. एकाच्या नोंदीत गाव नसेल तर शेजाऱ्याच्या नोंदीत असते.

2022 मध्ये, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांनी जळालेल्या दप्तराची संगणकावरची पुनर्उभारणी लोकांसाठी खुली केली, जगभरच्या ग्रंथालयांतल्या नकला गोळा करून. ऐकून हेवा वाटला. आपल्याकडे जळाले नाही ते वाळवी खाते आहे.

15 ऑक्टोबर

सकाळपासून मोडीचे कागद घेऊन माणसे येताहेत. कुणबी नोंदींसाठी 2 सप्टेंबरला निघालेल्या हैदराबाद गॅझेटबद्दलच्या शासन निर्णयानंतर गर्दी वाढली. तशी 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हापासूनच आमच्या भागात घरोघरी पेट्या उघडल्या जाताहेत. कुणी खासरा पत्रक आणतो, कुणी शाळेचा दाखला, कुणी आजोबांच्या जमिनीची सनद. उर्दू आणि फारसी कागद मी शेजारच्या निवृत्त उर्दू शिक्षकांकडे नेते. ते चष्मा लावून शांतपणे वाचतात, एक पैसा घेत नाहीत. राजकारण काय व्हायचे ते होवो, पण गावाने आपल्या पणजोबाचे नाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

याच कागदांतून मॉरिशसच्या उताऱ्याबद्दल पहिली शंका आली. 1850 च्या सुमारास केज निजामाच्या मुलखात. इंग्रजी हद्दीतले लोक या भागाला मोगलाई म्हणत. आमचा कुणी मुंबईत पोचून जहाजावर चढला असता तर त्याच्या नोंदीत कुठेतरी निजामाचा, हैदराबादचा किंवा मोगलाईचा उल्लेख यायला हवा. इथे जिल्ह्याच्या जागी नुसती रेघ. रेघ म्हणजे ठाऊक नाही, की रेघ म्हणजे वरच्यासारखेच?

हे लक्षात आले आणि लगेच मुकादमाला फोन लावला. विचारले, तुझ्या टोळीत परक्या गावचा एखादा असतो का? म्हणाला, "नाही बाई. वाडीतली नाहीतर सोयऱ्यातली. अनोळखी माणसाची उचल कोण अंगावर घेतंय?"

रात्री मॉरिशसला लिहिले: मूळ रजिस्टरात या ओळीच्या वरचे आणि खालचे क्रमांक पाहता येतील का? त्या लोकांची नावे नकोत, ती त्यांच्या वंशजांची बाब. फक्त जिल्हा आणि तालुका हवा. आणि ती रेघ नीट पाहा, तिच्याजवळ दोन टिंबे किंवा 'डिट्टो'ची खूण आहे का.

17 ऑक्टोबर, वसुबारस

उत्तर नाही. तिथे शाळा चालू असतील.

23 ऑक्टोबर, भाऊबीज

ताईंनी संस्थेत जाऊन विनंती केली. तिथल्या अभिलेखपालांनी मूळ पान काढून पाहिले. ती रेघ म्हणजे खूणच निघाली, 'वरीलप्रमाणे' अशी. उतारा करताना एकच ओळ उचलली गेली आणि खूण अर्थाविना राहिली. वर सरकत गेले तर एका ओळीत जिल्हा पुरता लिहिलेला: रत्नागिरी, पण कारकुनाच्या कानाने 'रटनाघेरी'. आजूबाजूच्या क्रमांकांपुढे तालुके दोन: 'सेव्हर्नड्रूग' आणि 'अंजनवेल'.

पहिले नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच. सेव्हर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग. हर्णैच्या समुद्रातला किल्ला. दापोली-खेडचा मुलूख तेव्हा त्याच नावाने दप्तरात असे. अंजनवेल म्हणजे गुहागरजवळचा, दाभोळ खाडीच्या तोंडावरचा. मग के-ए-आय आणि डागाखालचे अक्षर? 'डी' धरले तर खेड. जगबुडी नदीकाठचे खेड.

केज नव्हे.

संध्याकाळी भाऊ ओवाळून घेऊन परत गेला. मी थोडा वेळ ओसरीवर बसून राहिले. मन खट्टू झाले होते हे खरे. इथे दोन-तीन घरांना मी सांगूनही ठेवले होते, आणि एका आजींनी तर "आली की आधी माझ्याकडं जेवायला" असे बजावले होते.

26 ऑक्टोबर

खेड पक्के म्हणण्याआधी आणखी एक खुंटी हवी होती. ताईंना विचारले, घरात गणपतीत काय करता? मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुटी असते, हे माहीत होते. त्यांनी चलचित्र पाठवले. पुरुष गोल फेर धरून नाचताहेत, मध्ये ढोलकी, एका पायात घुंगरू, गाणे मराठी आणि उच्चारात क्रिओलची लकेर. त्या लिहितात, "याला आम्ही झाकरी म्हणतो."

ही जाखडी. खेड, दापोली, गुहागर, चिपळूणच्या गावांत गणपतीत नाचतात ती. मुंबईत तिला बाल्या नाच म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यात ही नाही, कधी नव्हती. कागदाने दाखवलेली दिशा पायांनीही दाखवली. पाच-सहा पिढ्यांत गावाचे नाव विसरले, आडनाव पुसले, पण पायाचा ठेका बापाकडून मुलाकडे जात राहिला. चलचित्र मी पुन्हा पुन्हा पाहिले.

त्यांनी आणखी एक विचारले आहे: भारताने मार्च 2024 मध्ये मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाच्या कार्डाची सवलत जाहीर केली, त्यासाठी गाव सिद्ध करावे लागेल का? मी कळवले, कार्डाचे नियम वकिलातीत विचारा. माझ्याकडून तुम्हाला गाव हवे आहे ते कार्डासाठी नव्हे, एवढे मला कळते.

30 ऑक्टोबर

आज ट्रॅक्टर निघाले. ट्रॉलीत पेट्या, पत्रे, कोंबड्या, चुलीची लाकडे, वर लेकरे. माझ्याकडे नवी वही आहे. दुपारपासून वस्तीवर बसून लिहिले: बाईचे नाव, पुरुषाचे नाव, गाव, वस्ती, मुकादम, कोणता कारखाना, बरोबर गेलेली मुले, मागे हंगामी वसतिगृहात ठेवलेली मुले. प्रत्येकाला वेगळी ओळ. 'वरीलप्रमाणे' लिहायचे नाही, असे स्वतःला बजावले. गावाचे नाव दर ओळीत पूर्ण.

ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र मिळते, ते कुणाकुणाकडे आहे तेही विचारले. ज्यांच्याकडे नाही त्यांची यादी वेगळी केली, सोमवारी ग्रामपंचायतीत नेते.

मुकादमाने आपली वही दाखवली. दर जोडीत नवऱ्याच्या नावाशेजारी बारीक अक्षरात बाईचे नाव घातले होते. काही ठिकाणी नुसते 'मंडळी' लिहून सोडले होते. तिथल्या बायकांना मी ट्रॉलीशी जाऊन नावे विचारली आणि त्याच्या वहीत त्याच्याच पेनाने लिहायला लावली.

2 नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

शेजारचे भजनी मंडळ पंढरपूरला गेले आहे. त्यांच्याबरोबर तिथल्या क्षेत्रोपाध्यांकडे निरोप पाठवला आहे. तीर्थाच्या ठिकाणी त्यांच्या वह्यांत गावोगावच्या यजमानांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात, नाशिक-त्र्यंबकेश्वरलाही तेच. मॉरिशसचा मूळपुरुष जहाजावर चढण्याआधी त्याच्या घरचे कुणी पंढरपूरला गेले असेल तर खेडच्या यजमानांत नाव असू शकते. आडनाव नसताना हे काम चिकाटीचे आहे, पण बापाचे नाव आहे, आणि आता तालुका आहे.

3 नोव्हेंबर

मॉरिशसला सविस्तर लिहिले. "ताई, तुमचे गाव केज नाही. रजिस्टरात तुमच्या माणसाच्या मागेपुढे जे आहेत ते सुवर्णदुर्ग आणि अंजनवेलचे. तुम्ही नाचता ती जाखडी त्याच मुलखातली. म्हणून खेड. पण खेड हे गावही आहे आणि आज तालुकाही. त्या काळी कारकुनाने मोठ्या बाजारगावाचे नाव लिहून घेतले असेल, आणि माणूस भोवतालच्या एखाद्या वाडीचा असेल. तेव्हा पुढचा शोध असा करा: तुमच्या माणसाचे तिथे लग्न झाले ते कुणाच्या मुलीशी, त्या सासऱ्याचा क्रमांक कोणता आणि त्याच्यापुढे कोणते गाव, मळ्यात शेजारी कोण राहत होते, घरात कोणत्या देवीला नारळ ठेवतात आणि तिचे नाव कसे उच्चारतात. ते नाव जसेच्या तसे पाठवा, सुधारून नको. खेडकडे दर गावची ग्रामदेवता वेगळी आहे आणि शिमग्याला तिची पालखी घरोघर येते."

आणि हेही लिहिले की केजला यायचेच. आजींनी जेवायचे आमंत्रण मागे घेतलेले नाही. "आपलं नसलं म्हणून काय झालं, शोधत आली ना ती," असे त्या म्हणाल्या.

खेडमधल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा नंबर आज एका जुन्या सहकारी बाईंकडून मिळाला. त्यांनाही मोडी येते म्हणतात. उद्या सकाळी दहाला फोन करते. बापाचे नाव, कपाळावरचा व्रण आणि आजूबाजूच्या क्रमांकांचे तालुके कागदावर काढून ठेवले आहेत.